दारची गाडी आणि गांवची गाडी

मुंबईहून कर्जतकडे जातांना वांगणी मागें पडल्यावर आणि नेरळ येण्यापूर्वीं शेलू हें लहानसें स्टेशन लागतें. एका अंगास उल्हास नदीचें खोरें व भाताचीं खाचरें, दुसऱ्या अंगास माथेरानचा डोंगर, अशा बेचक्यांत हें गांव वसलेलें आहे. अलीकडे खाचरांची जागा उंच इमारती घेऊं लागल्या असून जमिनीचा भाव एकरावर न बोलतां गुंठ्यावर बोलला जातो. गेल्या वैशाखांत एका लग्नाच्या निमित्तानें आम्ही तेथें आमच्या आप्तांकडे चार दिवस राहिलों होतों. लग्नाचीं भांडीं, मांडवाचे बांबू, पाण्याचीं पिंपें हें सर्व सामान नेरळहून आणण्यास भाड्याचा टेम्पो ठरविला होता. तो ऐन वेळीं आलाच नाहीं. वऱ्हाड येऊन बसलें तरी चुलीवर चढविण्यास पातेलें नाहीं, अशी अवस्था झाली. त्या दिवसाचा मनस्ताप घरांतील कर्त्या मुलाच्या मनांत सलत राहिला, आणि तिसऱ्या दिवशीं ओटीवर बसलों असतां त्यानें आपला बेत आम्हांस सांगितला. नदीकडील खाचराचा एक तुकडा विकावा, आलेल्या पैशांतून कांहीं रक्कम भरावी, बाकीचें कर्ज काढावें, आणि घरचा मालवाहू टेम्पो दारांत उभा करावा! "काका, आपण जन्मभर इतिहास शिकवीत आलांत. घरची गाडी नसली म्हणजे कशी फजिती होते हें आपण परवां पाहिलेंतच. आतां आपणच सांगा, माझें कांहीं चुकतें काय?"

त्या वेळीं आम्हीं त्यास धड उत्तर दिलें नाहीं. मुंबईस परतल्यावर मात्र तो प्रश्न मनांतून जाईना. घरोघरीं ओझें वाहण्याचें साधन असावें कीं नसावें, हा वाद टेम्पोबरोबर जन्मलेला नाहीं. ज्या बोरघाटाच्या पायथ्याशीं शेलू वसलेलें आहे, त्या मुलखांत गेल्या दोनशें वर्षांत हा प्रश्न निदान तीन वेळां निर्माण झाला, आणि प्रत्येक वेळीं त्याचें उत्तर निराळें आलें. तीं उत्तरें कां बदललीं हें समजलें, तर आमच्या आप्तांसच नव्हे, तर इतर अनेक गृहस्थांस त्याचा उपयोग होईल अशा समजुतीनें आम्ही हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम चाकाच्या पूर्वींचा काळ पाहूं. कोंकण आणि देश यांमधील व्यापार पेशवाईच्या अखेरपर्यंत मुख्यतः बैलांच्या पाठीवरून चालत असे. पनवेल-पेणकडील मीठ भरून लमाण-वंजाऱ्यांचे तांडे घाट चढून जात आणि परततांना देशावरचें धान्य खालीं आणीत. माल गोणींत, गोण बैलाच्या पाठीवर, आणि बैलांची रांग एकामागें एक, असा तो प्रवास. १८०४ मध्यें जनरल वेलस्लीनें बोरघाटांत तोफा नेण्याजोगी वाट करविली, तरी गाड्यांचा म्हणावा असा रस्ता होण्यास १८३० साल उजाडावें लागलें. तेव्हां त्या काळीं शेलू-नेरळकडील कुटुंबाजवळ ओझें वाहण्याचें साधन कोणतें, असें विचारल्यास उत्तर येतें तें हें: माणसाचें डोकें, खांद्यावरची कावड, आणि ऐपत असलीच तर बैल.

परंतु या उत्तराबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या कुटुंबाचें ओझें दोन प्रकारचें होतें. एक जवळचें ओझें. भाताच्या रोपांसाठीं जमीन भाजावयाची तर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा व शेण हा राब रानांतून खाचरापर्यंत आणावा लागे. कापलेल्या भाताचे भारे खाचरांतून खळ्यावर न्यावे लागत. पेंढा खळ्यावरून घरीं आणि सरपण डोंगरावरून चुलीपर्यंत येई. हें ओझें वारंवार निघे, पण कोसभराच्या आंतच फिरे, आणि घरच्या माणसांनींच तें वाहावें अशी रीत होती. दुसरें दूरचें ओझें: मीठ, लोखंड, कापड, देशावरची ज्वारी. हें घरच्या माणसानें स्वतः जाऊन आणावें अशी अपेक्षाच नव्हती. तें वाहणारा समाज वेगळा होता, त्याचा तोच धंदा होता, आणि त्याच्याजवळ त्यासाठीं शेंकडों जनावरें होतीं. जवळचें ओझें घराचें आणि दूरचें ओझें धंद्याचें, ही वांटणी कोणीं कायद्यानें केलेली नव्हती. अनुभवानें ती पडलेली होती. पुढील सारा इतिहास या वांटणीच्या मागोव्यानें वाचतां येतो.

त्या काळीं गाडी मुळींच नव्हती असें मात्र नाहीं. देशावरील पुणें-सोलापूर भागांत १८३६ पूर्वीं जी गाडी असे तिचें वर्णन इंग्रजी अंमलांतील गॅझेटिअरांत आढळतें. ठेंगणें, अवजड धूड. चाकें आऱ्यांचीं नसून भरीव, कोठें लाकडाचीं तर कोठें चक्क दगडाचीं. ती ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि तिचा उपयोग म्हणजे शेतांत खत टाकणें, फार तर मोठे दगड हलविणें. अशी गाडी करण्यास खर्च फार येई, पण एकदां केली म्हणजे ती पिढ्यान् पिढ्या टिके. म्हणून ती कोणा एकाची नसे. अनेक घरें मिळून तिचे भागीदार असत आणि तो भाग जमीनजुमल्याप्रमाणें वारसानें उतरत असे. ज्याला खत न्यावयाचें असेल त्यानें ती मागावी व काम झाल्यावर पुढच्यास द्यावी. आज ज्याला आपण सहकार म्हणतों त्याचें हें एक जुनें, ओबडधोबड पण टिकाऊ उदाहरण होय. त्याच्या मुळाशीं परोपकारबुद्धि होती असें मानण्याचें कारण नाहीं. वस्तु महाग, उपयोग थोडे दिवसांचा, आणि आयुष्य दीर्घ. अशा वस्तूची मालकी वांटून घेणें हाच शहाणपणाचा व्यवहार होता.

हा व्यवहार मोडला तो दोन गोष्टींनीं. १८३० च्या नोव्हेंबरांत मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटाचा नवा रस्ता मोठ्या समारंभानें खुला केला आणि चाक घाट चढूं लागलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत, इंदापूर-सोलापूरकडे जमिनीची पाहणी चालू असतां, लेफ्टनंट गेसफर्ड या लष्करी अधिकाऱ्यानें हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या, एका जोडीनें ओढतां येईल अशा गाडीचा पुरस्कार केला, आणि सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णीस तसल्या गाड्या बनविण्याचें काम सुरूं झालें. इकडे घाटाच्या पायथ्याशीं पनवेलच्या सुतारांचें चांगलेंच फावलें. पनवेलचा मुख्य उद्योग गाड्यांचीं चाकें करणें हा आहे, अशी नोंद गॅझेटिअरकारांनीं आवर्जून केली आहे. तीं चाकें विकत घेणारे बहुतेक देशावरचे गाडीवान असत. मीठ भरून घाट चढावयाचा, आणि जातां जातां नवें चाक जोडून जावयाचें!

गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, आणि तिच्याबरोबर मालकीचा अर्थही पालटला. पूर्वीं दहा घरांत एक गाडी असे ती आतां सुस्थितींतील प्रत्येक शेतकऱ्याच्या दारांत येऊं लागली. गाडी-बैल असणें ही प्रतिष्ठेची खूण झाली. मुलगी द्यावयाची तर घरीं बैलजोडी आहे ना, गाडी आहे ना, याची चौकशी होऊं लागली. आमच्या आप्ताच्या मनांतील टेम्पोची मूर्ति पाहिली तर तिच्या पाठीमागें ही जुनी बैलगाडीच उभी आहे, असें आम्हांस वाटतें. पणजोबांच्या दारीं गाडी होती, मग पणतूच्या दारीं कां नसावी, असा हा न बोललेला युक्तिवाद आहे.

त्या युक्तिवादांत एक गफलत आहे, आणि आमच्या मतें सर्व वादाचें मर्म तेथेंच आहे. पणजोबांच्या दारीं गाडी होती ती बैल दारीं होते म्हणून. बैल कांहीं गाडीसाठीं घेतलेले नसत. मृगाचा पाऊस पडला कीं ते नांगर ओढीत, चिखलणी करीत; पिकें निघालीं कीं खळ्यावर मळणी करीत; शेण देत, त्याचें खत व राब होई. त्यांचें खाणें म्हणजे पेंढा, आणि पेंढा भाताबरोबर आपोआप निघे. अशा रीतीनें ज्याचा खर्च शेतीनें आधींच भरून काढला आहे त्या बळास मोकळ्या दिवसांत जोखड लावून गाडीला जुंपणें, एवढेंच काय तें नवें. गाडी म्हणजे बैलाच्या पाठीमागें जोडलेला लाकडी सांगाडा. बैल नसले तर ती अंगणांतील अडगळ. वर्षाचे बहुतेक दिवस ती रिकामी पडे, पण तिच्या रिकामपणास खर्च नव्हता.

टेम्पोची स्थिति याच्या उलट आहे. तो नांगर ओढीत नाहीं, मळणी करीत नाहीं, खत देत नाहीं. उभा असला तरी त्याचा विमा उभा, कर उभा, आणि कर्जाचा हप्ता तर महिन्याच्या महिन्यास दार ठोठावणारा. बैलाला म्हातारपण यावयास बरींच वर्षें लागत व तोंवर त्याच्या जागीं खोंड तयार होई. टेम्पोला वांसरूं होत नाहीं. बैलगाडीचा खरा वारस शोधावयाचा झाला तर तो ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची ट्रॉली हा होय, कारण त्यांत शेतीचें बळ व वाहतुकीचें बळ पुन्हां एक झालें आहे. निव्वळ ओझें वाहणारा टेम्पो हा वंजाऱ्याच्या तांड्याचा वारस आहे. तो घराचा नव्हे, धंद्याचा प्राणी आहे. आणि धंद्याच्या प्राण्यास रोज काम मिळालें तरच तो मालकाला पोसतो, नाहीं तर मालकाला त्यास पोसावें लागतें.

आतां आगगाडीकडे वळूं. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. १८५४ च्या मेमध्यें रूळ कल्याणास पोंचले. आणि १८५६ च्या मेमध्यें ते नेरळवरून पळसदरीपर्यंत आले. म्हणजे शेलूच्या शिवारांतून आगगाडी जाऊं लागली त्यास आतां जवळजवळ पावणेदोनशें वर्षें होत आलीं. १८५८ मध्यें खंडाळा ते पुणें हा मार्ग चालू झाला, पण मधला घाट अद्याप रिकामा होता. तेथें प्रवाशांस पालखींतून, तट्टावरून किंवा गाडींतून चढावें लागे, आणि माल बैलगाड्यांवर लादावा लागे. १८६३ च्या मेमध्यें घाटांतील रूळ पुरे झाले आणि तो मधला दुवाही नाहींसा झाला. घाटांतील गाडीवानांची व तांड्यांची दूरची वाहतूक आगगाडीनें गिळली. त्या काळच्या माणसास वाटलें असेल कीं आतां गाडीचा अंत झाला. झालें तें निराळेंच. स्टेशनापर्यंत माल आणावयाचा कोणीं? कर्जत-नेरळकडील भात, गवत, लांकूडफांटा, कोळसा मुंबईस जाऊं लागला, आणि खेडें ते स्टेशन या नव्या फेरीसाठीं गाड्या लागूं लागल्या. दूरचें ओझें आगगाडीनें नेलें व जवळचें ओझें गाडीनें वाढविलें. शेलूसारख्या ज्या गांवांच्या उंबऱ्याशींच स्टेशन आलें, त्यांची ही फेरीही अगदीं तोकडी झाली. इतर गांवांहून ज्याला गाडीची गरज कमी, असें जर कोणतें गांव असेल तर तें स्टेशनाजवळचें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, जुन्या काळीं सारें कसें सामाईक व सुखाचें होतें, तेंच पुन्हां आणावें, असें तुम्हांस सुचवावयाचें दिसतें. तसें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें ‘गांवगाडा’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. गांवाच्या समग्र व्यवहारास त्यांनीं गाड्याचेंच नांव दिलें, पण तो गाडा कोठें कुरकुरतो व कोणाच्या पाठीवर चालतो हें दाखविण्यासही ते चुकले नाहींत. सावडीचीच गोष्ट घ्या. एकानें आपले बैल व माणसें घेऊन दुसऱ्याच्या शेतावर जावें, दुसऱ्यानें तितकेच दिवस त्याच्या शेतावर यावें. किंवा इर्जिक घालून गांवचीं औतें एका दिवसांत एकाच्या शेतांत उतरवावीं व त्यानें सर्वांस जेवूं घालावें, ही चाल सुंदर होती यांत संशय नाहीं. परंतु सावड ही बरोबरीच्यांत होते. ज्याच्याजवळ बैल आहे त्याला बैलाची परतफेड करतां येते. ज्या कातकऱ्याजवळ वा ठाकराजवळ एकही जनावर नाहीं त्यानें काय द्यावें? त्यानें अंगमेहनत द्यावी. गाडीच्या एका खेपेसाठीं किती दिवस राबावें हें गाडीवाला ठरवील. घरची गाडी नसणें म्हणजे कोणाचा तरी मिंधा होणें, हा अनुभव त्या घरांत पिढ्यान् पिढ्यांचा आहे. आजही या तालुक्यांत वीटभट्टीवर उचल घेऊन राबणारीं कुटुंबें पाहिलीं म्हणजे असें दिसतें कीं ज्यांनीं सर्वांत अधिक ओझें वाहिलें त्यांच्या दारीं वाहन सर्वांत शेवटीं आलें. अशा घरांतील तरुणानें पहिला टेम्पो घेतला तर त्याच्या आनंदास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हां पुस्तकी माणसांस नाहीं.

मालकीलाही दुसरी एक बाजू होती. ज्याच्याजवळ गाडी तो वेठीस सांपडे. अंमलदाराची स्वारी निघाली, पलटण मुक्कामास आली, कीं सामान वाहण्यास गाड्या व माणसें धरून आणण्याची चाल पेशवाईंत होती आणि इंग्रजींतही बराच काळ टिकली. एखाद्यास वेठीस धरणें हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतों. त्याच्या मागें ऐन पेरणीच्या वेळीं धरून नेलेल्या बैलांचे मालक उभे आहेत. आज सरकारी वेठ राहिलेली नाहीं. पण दारीं टेम्पो असलेल्या गृहस्थास विचारून पाहावें कीं गणपतीच्या मूर्ति, भावकींतलीं लग्नें आणि शेजाऱ्यांचीं कपाटें वाहण्यांत त्याचे किती रविवार जातात. भाडें मागितलें तर माणुसकी जाते आणि न मागितलें तर डिझेल जातें!

शेलूच्या डोक्यावरच माथेरानचा डोंगर आहे, आणि आमच्या प्रश्नाची जणूं प्रयोगशाळा तेथें मांडलेली आहे. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं या डोंगराकडे लोकांचें लक्ष वेधलें. १९०७ मध्यें आदमजी पीरभॉय यांच्या पैशानें नेरळहून वर जाणारी लहान आगगाडी सुरूं झाली. मोटारीला मात्र दस्तुरी नाक्यापुढें मज्जाव आहे, आणि २००३ मध्यें केंद्र सरकारनें या परिसरास संवेदनशील क्षेत्र ठरवून ती स्थिति अधिक दृढ केली. म्हणजे रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर तेथील कोणत्याही घरास स्वतःचा टेम्पो बाळगतां येत नाहीं. मग तेथील लोक जगतात कसे? ते उत्तम जगतात. परंतु गव्हाच्या पोत्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत जें जें वर येतें तें दस्तुरीपासून पुढें कोणाच्या तरी बळावर येतें. घोडा, हातगाडी, हमालाचें डोकें. हवा स्वच्छ राहते, वाटा तांबड्या राहतात, पाहुणा प्रसन्न होतो. आणि त्या प्रसन्नतेचें ओझें माणसाच्या खांद्यावर पडतें. माणसानें माणसास ओढून नेण्याच्या हातरिक्षा तेथें चालत आल्या. २०२२ च्या डिसेंबरांत विजेवरील रिक्षांचा प्रयोग सुरूं झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना दुसरें काम द्यावें असा आदेश दिला. माथेरानचा धडा दुहेरी आहे. घरोघरीं वाहन नसतांना गांव चालूं शकतें, हा त्याचा पहिला भाग. वाहन नसलें म्हणून ओझें नाहींसें होत नाहीं, तें दुसऱ्याकडे सरकतें, हा दुसरा. म्हणून टेम्पो न घेणाऱ्यानेंही आपलें ओझें कोण वाहतो व त्यास काय मिळतें हें विचारलेंच पाहिजे.

परदेशांतही हाच प्रश्न निरनिराळ्या रीतींनीं सुटलेला दिसतो. इंग्लंडांतील खेड्यांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत ‘कॅरियर’ नांवाचा एक धंदेवाईक गाडीवान असे. ठरलेल्या वारीं तो बाजारच्या गांवीं जाई, वाटेंतील घरांचीं गांठोडीं व निरोप घेई, आणि सायंकाळीं सामान आणून दारांत टाकी. ठरलेला वार, ठरलेला दर आणि ओळखीचा माणूस, यांमुळें गरिबासही स्वतःच्या घोड्याची आवश्यकता वाटत नसे. अमेरिकेंत अंतरें मोठीं आणि शेतें एकमेकांपासून दूर. तेथें फोर्ड कंपनीनें १९२५ मध्यें मागें उघडी पेटी बसविलेली आपली मोटार कारखान्यांतूनच तयार करून विकण्यास आरंभ केला, आणि मालवाहू मोटार ही घरगुती वस्तु बनली. शेजारी हांकेच्या अंतरावर नसेल तर गाडी दारीं असावी हें ठीकच. शेलूंत मात्र शेजारी ओटीवरून दिसतो.

आपल्याकडे लहान मालमोटारीचें नांवच तिच्या जन्माची कथा सांगतें. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीनें १९५८ पासून जर्मनींतील टेम्पो या कारखान्याच्या सहकार्यानें तीनचाकी मालगाड्या बाजारांत आणल्या, आणि त्या कंपनीचें नांव मराठींत सर्वच छोट्या मालगाड्यांस चिकटलें. २००५ मध्यें टाटांची एस ही चिमुकली गाडी आली. लोकांनीं तिला ‘छोटा हत्ती’ म्हटलें आणि ती गल्लीबोळांत शिरली. मोटार-वाहनांच्या १९८८ च्या कायद्यानेंही, भरल्या मालासह तीन हजार किलोंच्या आंत बसणाऱ्या मालगाडीस परवान्याची अट ठेवलेली नाहीं. गेसफर्डच्या गाडीनें जें केलें तेंच या छोट्या हत्तीनें केलें. महाग व सामाईक वस्तु आटोक्यांत आणली, आणि तिच्याबरोबर प्रत्येकाच्या मनांत मालकीची आस जागी केली. ज्याचा धंदा वाहतुकीचा, भाजीचा, विटा-वाळूचा किंवा मांडवाचा आहे त्याच्या हातीं ती खरोखर लक्ष्मी ठरली. तिच्यावर पोट भरणारे तरुण कर्जत-खालापुरांत ठिकठिकाणीं आहेत.

एक फरक मात्र ध्यानांत असावा. १९०८ च्या दिवाणी कायद्यानें कर्जबाजारी शेतकऱ्याचीं औतें, व उपजीविकेस लागतील तेवढीं जनावरें व बीं-बियाणें, जप्तींतून वगळलेलीं आहेत. बैल हा शेतकऱ्याच्या जीविताचा भाग आहे हें कायद्यानें ओळखलें. कर्जावर घेतलेला टेम्पो त्याच कर्जास तारण असतो. हप्ते थकले कीं तो दारांतून जातो, आणि तो घेण्यासाठीं विकलेलें खाचर कांहीं परत येत नाहीं. खाचर हें शेलूंत आज पैशापेक्षां अधिक आहे. तें एकदां इमारतीखालीं गेलें म्हणजे कोणत्याही मोबदल्यानें त्यांत पुन्हां भात पिकणार नाहीं.

हें सर्व आम्हीं आमच्या आप्तास विस्तारानें लिहून कळविलें, आणि एक विनंती केली. एक वही करावी, व ज्या ज्या दिवशीं घरास मालगाडी लागली तो दिवस, काय वाहिलें, किती अंतर, भाडें किती, हें तींत टिपावें. वर्षाअखेर त्या भाड्यांची बेरीज हप्ता, विमा, कर, डिझेल आणि चालकाचा पगार यांच्या बेरजेशेजारीं मांडावी. घराच्या गरजेपुरतेंच पाहिलें, तर असे दिवस बहुधा दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील असा आमचा अदमास होता.

दिवाळींत त्याचें उत्तर आलें. वही त्यानें खरोखरच ठेवली होती, आणि दिवस आमच्या अदमासाहूनही थोडे भरले होते. पण पत्राच्या शेवटीं त्यानें आम्हांस निरुत्तर करणारा प्रश्न विचारला होता: "काका, ज्या दिवशीं टेम्पो आलाच नाहीं त्या दिवसाची किंमत वहींत किती लिहूं?" खरें सांगावयाचें तर त्याची किंमत आम्हांस सांगतां आली नाहीं. वऱ्हाड खोळंबलें त्याचें मोल भाड्याच्या रकान्यांत बसत नाहीं. जुन्या अवजड गाडीचे भागीदार एकमेकांच्या शब्दावर विसंबत, कारण एकानें शब्द मोडला तर पुढच्या वर्षीं त्यालाच खत मिळालें नसतें. इंग्लंडांतील गाडीवानावर खेडें विसंबे, कारण त्याचा वार ठरलेला होता. लोकांस मालकीची इच्छा होते ती पुष्कळदां गाडीसाठीं नसून या भरंवशासाठीं असते. आणि भरंवसा विकत मिळत नाहीं असें वाटलें म्हणजे माणूस गाडी विकत घेतो.

म्हणून आम्हीं त्यास परत लिहिलें तें एवढेंच. गांवांतील ज्या तरुणानें आधींच टेम्पो घेतला आहे त्याच्याशीं आळींतील पांच-सहा घरांनीं मिळून बोलावें. दर कागदावर लिहावा, लग्नसराईचे दिवस आगाऊ सांगून ठेवावे, थोडी रक्कम त्याच्याकडे अगोदर भरावी, आणि भावकीचें काम म्हणून त्याचें भाडें कोणीं बुडवूं नये. त्यालाही हप्ता आहे. कामाची शाश्वती त्यास तितकीच हवी आहे. अशानें एक गाडी सहा घरांस पुरेल, आणि एका तरुणाचा धंदा उभा राहील. हें जमलें नाहीं, शब्द पुन्हां मोडला, तर त्यानें टेम्पो घेण्याचा विचार अवश्य करावा. मात्र त्यासाठीं खाचर विकूं नये.

या पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. परवां शेलूकडील एक गृहस्थ भेटले, त्यांच्याकडून इतकें कळलें कीं नदीकडच्या तुकड्यांत यंदाही भात लावला होता, आणि त्याचा पेंढा शेजाऱ्याच्या ट्रॉलींतून घरीं आला.